भिवंडीत जेवायचे कुठे?

संमेलनाला जाणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. उतरायचे कुठे आणि जेवायचे कुठे. पहिला प्रश्न आयोजक सोडवतात. दुसराही आपण सोडवला आहे, असा त्यांचा समज असतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपले लेखक-वाचक लहानमोठ्या संमेलनांच्या, मेळाव्यांच्या निमित्ताने गावोगाव जमत आले आहेत. वक्ते बदलले, विषय बदलले, दुपारची बिर्याणी मात्र बदलली नाही. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. शे-दोनशे माणसांना वेळेवर जेवू घालणे हे सोपे काम नव्हे. पण ज्या गावी गेलो त्या गावचे काही खाल्ले नाही, तर नुसता मांडव पाहून आलो असेच म्हणावे लागते.

भिवंडीला आम्ही दोन दिवसांच्या चर्चासत्रासाठी गेलो होतो. विषय होता मराठी मुसलमानांची बोली आणि त्यांचे साहित्य. आम्ही पाच जण होतो. दोघे सांगलीकडचे, एक सोलापूरचे, एक दापोलीचा आणि पाचवे पेणचे एक कवी. हे कवी जातिवंत शाकाहारी. आपल्या मेळाव्यांना ते नेमाने येतात आणि बिर्याणीच्या रांगेत उभे राहून फक्त कोशिंबीर घेतात. मराठीच्या मोठ्या संमेलनांत आम्ही पिठले-भाकरी आनंदाने खातो, कारण तिथे हलाल-हरामचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांनी आमच्याकडे येऊन उपाशी राहावे, ही गोष्ट आम्हाला फार लागते. म्हणून या खेपेस आम्ही ठरवले की दुपारची पंगत सोडली तर उरलेली सगळी जेवणे गावात शोधायची.

या कवींना घरून दोनदा फोन आला. 'भिवंडीत आहात ना, अंधार पडायच्या आत खोलीवर जा.' गावाच्या नावाला चिकटलेली ही भीती ७ मे १९७० ची आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिचा तपशील लिहून ठेवला, आणि १९८४ मध्ये गाव पुन्हा जळले. हे सगळ्यांना पाठ असते. पण पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची साधी माणसे एका सतरंजीवर बसवली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हे फोन करणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नसते. आम्ही रात्री साडेदहाला तीन बत्तीच्या बाजारातून चालत होतो. कवींनी केळी घेतली, आम्ही सीख कबाब घेतले. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचे त्याचे खाणे होते.

भिवंडीच्या हॉटेलांविषयी सांगायचे तर आधी माणसांविषयी सांगावे लागेल. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतले मोमीन-अन्सारी विणकर हातमाग मोडून दक्षिणेकडे निघाले. कोणी मालेगावात थांबले, कोणी मुंबईत मदनपुऱ्यात, कोणी भिवंडीत. हातमाग गेले, यंत्रमाग आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापडाचे काम इकडे आणखी सरकले आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून मजुरांचे लोंढे आले. त्यामुळे भिवंडीत मुसलमानी हॉटेल म्हणजे उत्तरेकडच्या चवीचे हॉटेल. पहाटे फजरच्या नमाजनंतर नहारी आणि पाया. दिवसभर खिमा, कोरमा, तंदुरी रोटी आणि पुन्हा पुन्हा उकळलेला गोड चहा. नहारी चांगली होती, खोटे कशाला बोला. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस, वर आल्याचे तुकडे, लिंबू. शेजारच्या बाकावर रात्रपाळी संपवून आलेले तिघे-चौघे एका बशीत रोट्या बुडवून खात होते. त्यांच्या केसांत आणि भुवयांत कापसाची धूळ होती. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. तेव्हापासून 'बडे का' या दोन शब्दांचा अर्थ म्हशीचे मांस एवढाच उरला. बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे हे मांस. ते स्वस्त आहे तोवर त्याच्या पोटात काही जाते. साहित्यात यावर आपण किती लिहिले, असे सांगलीच्या एका भाईंनी विचारले. उत्तर कोणी दिले नाही, रोट्या येत राहिल्या.

सोलापूरच्या भाईंनी मात्र एका सकाळी बंड केले. 'मला माझ्या गावचे खायचे आहे,' म्हणून ते आम्हाला पद्मानगरला घेऊन गेले. तिथे तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. भाईंना सोलापुरात शेजाऱ्यांकडून शिकलेली तेलुगू थोडीफार येते. गाडीवरच्या बाईंशी ते दोन वाक्ये बोलले आणि आम्हाला चटणी दुसऱ्यांदा मिळाली. कवींनी सहा इडल्या खाल्ल्या. मागाचा खडखडाट तोच आणि माणसांची भाषा निराळी, हे सोलापूरकराला नवे नव्हते. आम्हाला होते.

आता बिशीविषयी. आपल्याकडे भिशी म्हटले की दर महिन्याला पैसे जमवून चिठ्ठी काढणे आठवते. भिवंडीत बिशी म्हणजे मजुरांची खानावळ. तिला ना पाटी ना दर्शनी भाग. एका खोलीत दोन मोठी पातेली, एक भट्टी, जमिनीवर चटया. महिन्याचा हिशोब, दोन वेळचे जेवण. डाळ, भात, रोटी, एखादी भाजी आणि ठरलेल्या दिवशी मांस. पगार झाला की पैसे द्यायचे, तोवर वहीत नाव. माग बंद पडला, पगार लांबला, की बिशीवाल्याची उधारी वाढते. वाणी त्याच्याकडे मागतो, तो मजुराकडे मागू शकत नाही. २०१६ च्या नोटबंदीत हेच झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर माग गप्पच झाले. हजारो मजूर नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले, आणि मे महिन्यात भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला मजुरांची खास गाडी सुटली. ज्या बिशीत आम्ही बसलो तिच्या मालकाने जुनी वही काढून दाखवली. काही नावांपुढे रक्कम तशीच होती. 'ये लौटे नहीं,' एवढेच तो म्हणाला. वही मात्र त्याने फाडलेली नाही. आम्ही पाहुणे म्हणून पैसे देऊ लागलो तर त्याने निम्मेच घेतले. गिरणगावात खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या पाशातून त्या सुटल्या. बिशीला तशाच कोणाची तरी गरज आहे, असे ती वही पाहताना वाटले.

येथवर आम्ही उत्तरेचे खाल्ले, तेलंगणाचे खाल्ले. दापोलीचा मित्र दोन दिवस गप्प होता. तो कोकणी. त्याने एकच प्रश्न धरला होता. 'माझे जेवण या गावात कुठे मिळते ते दाखवा.' प्रश्न चुकीचा नव्हता. माग येण्याच्या कितीतरी आधीपासून भिवंडीत कोकणी मुसलमान आहेत. खाडीच्या आणि नदीच्या काठाने व्यापार करणारे, भातशेती सांभाळणारे हे लोक. आम्ही रिक्षावाल्याला विचारले, पानवाल्याला विचारले, दोन हॉटेलांच्या गल्ल्यावर विचारले. कोकणी जेवण? गल्ल्यावरच्या तरुणाने उलट आम्हालाच विचारले, 'मतलब मालवणी?' मोगलाई आहे, चायनीज आहे, अलीकडे शोरमाही आहे. अखनी नाही, सांदण नाही, तांदळाची रोटी नाही.

शेवटी वाड्याच्या रस्त्यावर एक पाटी दिसली. 'आगरी पद्धतीचे जेवण'. मांसाचा प्रश्न नको म्हणून मासळी मागवली. ताजे बोंबील, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, वाटणातले लाल कालवण. दापोलीच्या मित्राने पहिला घास घेतला आणि म्हणाला, 'हे आमच्याच घरचे.' खरेच होते. आगरी आणि कोकणी मुसलमान एकाच पाण्यावर, एकाच तांदळावर वाढलेले शेजारी. फरक मसाल्यात थोडा, चुलीत नाही. मात्र आगऱ्यांनी गेल्या काही वर्षांत आपल्या जेवणाला नाव दिले, रस्त्यावर पाटी लावली, आणि गोदामांत माल घेऊन येणाऱ्या देशभरच्या ट्रकवाल्यांना ते खाऊ घातले. आमचे जेवण तेच, पण त्याला पाटी नाही. आमच्या मते इथे त्या चर्चासत्राचा विषय होता. मांडवात आम्ही त्याला 'अस्मितेचे प्रश्न' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री मित्राच्या लांबच्या नात्यातल्या एका खालांनी आम्हाला घरी बोलावले. निजामपुऱ्यातले जुने, उंच जोत्याचे घर. दस्तरखान अंथरला आणि जे दोन दिवस सापडत नव्हते ते सगळे समोर आले. अखनी, म्हणजे मांस शिजवलेल्या पाण्यातच शिजलेला भात, वर तळलेला कांदा. हातावर थापलेल्या तांदळाच्या रोट्या. कोलंबीचे कालवण. कवींसाठी निराळ्या भांड्यात वालाची भाजी. आणि शेवटी सांदण, वाफवलेले, पांढरे, जाळीदार, गुळाच्या गोड नारळाच्या दुधाबरोबर. कवींनी सांदणाचा तुकडा मोडला आणि हात थांबवला. 'आमच्या घरी फणसाचे करतात,' ते म्हणाले. 'तुम्हाला हे कुणी शिकवले?' खाला हसल्या. 'आईनं. तुम्हाला?' त्यांनीही तेच उत्तर दिले.

आम्ही कान देऊन ऐकत होतो. खाला आमच्याशी जी भाषा बोलत होत्या ती थेट वाड्याच्या रस्त्यावरच्या मासळीवालीची मराठी. नातवाला त्यांनी उर्दूत पाणी आणायला सांगितले. नातू रईस हायस्कूलमध्ये शिकतो. ही शाळा चालवणाऱ्या संस्थेचे नाव कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटी, शिक्षणाचे माध्यम उर्दू. यात दोष कोणाचा नाही. उर्दूने या समाजाला शाळा दिली, अदब दिला, गावात नव्याने आलेल्या अन्सारी शेजाऱ्यांशी बोलायला एक भाषा दिली. पण जनगणनेचा माणूस आला की मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे, असे आम्ही विचारले तेव्हा खालांचे चिरंजीव चटकन म्हणाले, 'उर्दू.' आणि खाला त्याच क्षणी आतल्या सुनेला ओरडून सांगत होत्या की कालवण गार झाले, जरा ऊन करून आण. मराठीत.

आम्ही विचारले, 'खाला, हे बाहेर कुठे का मिळत नाही?'

'हे काय विकायचं असतं?' त्या म्हणाल्या. 'घरचं आहे.'

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सासूबाईंसमोर मोठ्याने काही म्हटले नाही, पण पाणी ठेवताना हळूच सांगितले की शेजारच्या दोन-तीन घरांतून ईदच्या आधी सांदणाची मागणी येते आणि त्या करून देतात. पैसे घेतात. फोनवर फोटो पाठवले की चार नवी गिऱ्हाईकेही मिळतात. त्यात अन्सारीही आहेत. नाव काय दिले आहे असे विचारले तर म्हणाल्या, 'नाव अजून नाही. राइस केक म्हणतात सगळे.'

दापोलीचा मित्र एवढा वेळ शांतपणे जेवत होता. त्याने हात धुतला, पाकिटातून कागद काढला आणि त्यावर मराठीत ठळक अक्षरात 'सांदण' असे लिहून त्यांच्या हातात दिले. खाली उर्दूतही लिहा, असे सूनबाई म्हणाल्या. त्याला उर्दू लिहिता येईना. तेव्हा नातवाने ते लिहून दिले.

पुढच्या वेळी भिवंडीत मेळावा ठरला तर आयोजकांना आमची एवढीच विनंती आहे. दुपारची बिर्याणी खुशाल ठेवा. पण चारशे सांदणांची मागणी आठवडाभर आधी निजामपुऱ्यात नोंदवा. तांदूळ दळून आणायला आणि भिजवायला वेळ लागतो, आणि ईदचे दिवस असतील तर सूनबाईंना जमणार नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी त्यातल्या पन्नास बाजूला काढून ठेवायला सांगा. आमच्या कवींनी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून चार संपवल्या, डब्यात उरलेल्या दोन पेणला नेल्या.