पंचगंगा ते आर्नो

फ्लोरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला काशीने नावाची लांबलचक बाग आहे. ती जिथं संपते तिथं आर्नो नदीला मुन्योने ही लहानशी नदी येऊन मिळते आणि त्या संगमावर एक छत्री उभी आहे. छत्रीखालचा फेटा बांधलेला अर्धपुतळा कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा. इंग्लंड पाहून परत निघालेला हा वीस वर्षांचा राजा 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथं वारला. त्या शहराला चिता ठाऊक नव्हती. खास परवानगी काढावी लागली आणि रात्रीच्या वेळी संगमावर दहन झालं. परमुलखात, धनी गेलेला, भाषा कळत नाही अशा अवस्थेत बरोबरच्या माणसांनी आधी दोन नद्या कुठं मिळतात ते शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आता तिथं जवळच मोठा पूल आहे आणि तो आमच्या राजामुळंच 'इंडियन'च्या नावानं ओळखला जातो.

त्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्यानं केला. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा त्याचेच. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात गेलात तर ब्राँझची एक छोटी मूर्ती जरूर पाहा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला हा पोसायडन, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव. सातवाहनांच्या काळात रोमशी चाललेल्या व्यापारातून घाट चढून तो इथं आला. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून उसाच्या मुलखात स्थायिक झाला, तो झालाच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्याकडं दर निवडणुकीत निघणारा 'जागतिक दर्जाचं कोल्हापूर' हा विषय. जाहीरनाम्यात आयटी पार्क असतो, विमानतळाची लांब धावपट्टी असते, वैभववाडीची रेल्वे असते, रंकाळ्याचं सुशोभीकरण तर असतंच असतं. गल्लीतल्या पोरांचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटलेला आहे. रिक्षाच्या मागच्या काचेवर 'जगात भारी, कोल्हापुरी' असं लिहून ती मोकळी झाली आहेत. गंगावेशीत रात्री म्हशीची धार समोर काढून घेऊन फेसाळ दुधाचा पेला रिचवणाऱ्या माणसाला तुमचं शहर जागतिक होईल काय असं विचारलं, तर तो आधी तुमच्याकडं कीव आल्यासारखं बघेल.

मध्यम आकाराचं शहर मोठं होऊ शकतं का, या प्रश्नातला आकार मात्र आधी बाजूला ठेवू. 2011च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या 5,49,236 होती. फ्लोरेन्सची पावणेचार लाखांच्याही आतच आहे. क्षेत्रफळ बघितलं तर उलट आहे. फ्लोरेन्स शंभराहून जास्त चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि आमचं साडेसहासष्टच्या आसपास. म्हणजे माणसं आमच्याकडं जास्त, जागा कमी, आणि जग जातं तिकडं.

इटलीशी आमचा संबंध छत्रीपाशी संपला असता, तर मी हे लिहिलं नसतं. 1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. राजेलोक तेव्हा परदेशातून झुंबरं आणायचे, गालिचे आणायचे, फार तर एखादी मोटार. शाहूंच्या डोक्यात आखाडा आला. 1912 साली खासबाग मैदान तयार झालं. कलोसियममधला दगड, कमानी, मजले यातलं त्यांनी काहीएक उचललं नाही. उचलली ती एकच युक्ती. मधे तांबड्या मातीचा हौद आणि भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक, अशी की सगळ्यात मागं बसलेल्या गड्यालाही पैलवानाची पकड दिसली पाहिजे. रोममध्ये माणसं मरताना बघायला माणसं जमायची. इथं चितपट झालेला उठून हात मिळवतो आणि हलगी पुन्हा कडाडते. मैदानाला लागून त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं. केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. एका भिंतीच्या अल्याड कुस्ती, पल्याड नाटक, आणि दोन्हीकडं गर्दी बऱ्याचदा तीच. हा शेजार ज्या शहराला विचित्र वाटत नाही, त्या शहराची रसिकता वेगळ्या जातीची आहे.

मला वाटतं, जागतिक दर्जाचा कोल्हापुरी अर्थ खासबागेत सापडतो. जगातलं बघायचं, त्यातलं आपल्या मातीला लागू पडेल तेवढंच घ्यायचं आणि ते असं मुरवायचं की नातवंडांना ते मूळचं आपलंच वाटावं. अल्लादिया खाँसाहेब उत्तरेतून आले आणि जयपूर-अत्रौलीची गायकी या दरबारात वाढली. फुटबॉल तर साता समुद्रापलीकडचा खेळ. पण पाटाकडील तालमीनं आणि शिवाजी तरुण मंडळानं त्यात पेठेची इज्जत घातली. आता शाहू स्टेडियमवर सामना असला की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेतली बोलाचाली आठवडाभर पुरते. कुस्तीची तालीम आणि फुटबॉलचा संघ एकाच नावानं ओळखले जातात, असं गाव दुसरीकडं असलंच तर मला बघायचंय.

ही मुरवण्याची ताकद खरी, पण मुरलेलं टिकवून धरायची ताकद तेवढी नाही, आणि इथं अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा विकत घेतला नाही, तो इथं खपून स्वतः बनवला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल या मंडळींनी 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. 1933 साली प्रभात पुण्याला गेली. चार वर्षांनी व्हेनिसच्या महोत्सवात 'संत तुकाराम' वाखाणला गेला तेव्हा त्यावर पत्ता पुण्याचा होता. पुन्हा इटली, आणि या वेळी आम्ही फक्त माहेर. भालजी पेंढारकर जयप्रभा स्टुडिओ घेऊन इथंच राहिले, हे त्यांचे उपकार. बाकी तेव्हापासून रविवारी रात्री पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स भरून जातायत. इंजिनिअर झालेली पोरं हिंजवडीला आणि डबे भरून देणाऱ्या आया ताराबाई पार्काच्या कोपऱ्यावर. उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी परदेशी ऑईल इंजिन खोलून, बघून, इथंच घडवलं. आजही शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधलं कास्टिंग कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्यांच्या पोटात बसलेलं असतं. पण त्यावर कोल्हापूर असं कुठं लिहिलेलं नसतं.

कोल्हापूरला जग नवीन नाही. नवीन आहे ते शहर होणं. आम्ही पेठांचे, तालमींचे, गल्लीचे. बाहेरच्याशी भांडायचं असलं की क्षणात एक होतो. रस्त्यांच्या बदल्यात नाक्यानाक्यावर टोल बसवला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं आणि सरकारला टोल रद्द करायला लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतले वकील चाळीसेक वर्षं लढले. अखेर 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंचचं काम भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. नको त्याला नको म्हणणं आणि हवं ते हट्टानं मिळवणं आम्हाला उत्तम जमतं. जमत नाही ते रोजचं. 1972 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्यानंतर शहराची हद्द वाढवायचा प्रस्ताव किती वेळा मुंबईला जाऊन आला असेल, हिशेब नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा यांच्यात आणि शहरात आता मोकळं रान राहिलेलं नाही. एका बाजूचा जिना महापालिकेचा, दुसऱ्या बाजूचा ग्रामपंचायतीचा, असं झालंय. गावं म्हणतात, शहरात येऊन आम्हाला मिळणार काय, घरफाळा? शहर म्हणतं, आमचं पाणी, आमचे रस्ते वापरता, मग आत यायला काय झालं? 2017 साली दोघांचंही मन राखायला बेचाळीस गावांचं प्राधिकरण काढलं गेलं. ते कुणालाच नको होतं. गावांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. जी महापालिका आहे त्या हद्दीतला कचरा वेळेवर उचलत नाही, तिला आणखी अंगण कशाला द्यायचं, हा प्रश्न रास्त आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. जयंती नाला, दुधाळी नाला शहरभराचं सांडपाणी घेऊन पंचगंगेकडं धावतात. नदी नासली, मग शहरानं दुधगंगेवरच्या, पन्नासेक किलोमीटर लांबच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आणायची ठरवली. तिचीही अनेक वर्षं रड चालली आणि 2023 च्या दिवाळीत पाणी आलं. त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता, मीही त्यात होतो. तरी घाटावर उभं राहिलं की वाटतं, पायाशी वाहणारी नदी सोडून दुधगंगेचं पाणी आणणारं शहर नदीला काय तोंड दाखवणार? आणि ती नदी खाली इचलकरंजीकडं जाते, तिथल्यांच्या नळाला. पावसाळ्यात पंचगंगा तिचा हिशेब मांडते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची रेघ आहे. 2019 मध्ये आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शहर बेट होऊन बसलं. आर्नोही 4 नोव्हेंबर 1966 ला अशीच फ्लोरेन्समध्ये घुसली. तेव्हा चिखलातली पुस्तकं आणि चित्रं काढायला देशोदेशींची पोरं धावून गेली. आमच्याकडंही पुरात माणूस उपाशी राहत नाही, पेठापेठांतून भाकऱ्या निघतात. पाणी ओसरलं की मात्र पूररेषेच्या आत भराव टाकणाऱ्या ट्रकांनाही कुणी अडवत नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शहर तिथं उभं राहून रडलं आणि लगेच पुन्हा बांधायची मागणी झाली. शंभर वर्षांपूर्वीचं नाट्यगृह जसंच्या तसं हवं, असं सगळे म्हणाले. तसं म्हणणं साहजिक होतं. पण विजेच्या तारा, पाण्याचे नळ, आग विझवायची यंत्रणा यांची दरवर्षी तपासणी, असली कोरडी मागणी घेऊन कुणी मोर्चा काढत नाही. शाहूंनी बांधलं हे आम्ही विसरत नाही. बांधलेलं राखायला दर महिन्याला पैसा, माणूस आणि वही लागते, ते मात्र शाहूंच्या पुतळ्याला हार घालून भागत नाही.

इटलीनं पुन्हा दार वाजवलं ते जून 2025 मध्ये. मिलानमध्ये प्रादा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल चालले आणि त्यांच्या पायात दिसली ती सरळसरळ कोल्हापुरी. नाव कुठंच नव्हतं. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं रागाला कायद्याचा टेकूही होता. गदारोळ झाला, कंपनीनं मूळ मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकार या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. जोडाची किंमत सुमारे 800 युरो असेल असं बातम्यांत आलं.

त्या दिवसांत चौकाचौकात प्रादाला शिव्या घालणारे आम्हीच चप्पल लाईनीत शिरलो की बोट लावून, वाकवून, कानाशी करकर ऐकून बघतो आणि 'दोनशे कमी करा की ओ' म्हणून हुज्जत घालतो. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पिकवायला लागणारे दिवस, ते पिकवणाऱ्याच्या हाताला राहणारा वास, त्याच्या पोराला तो धंदा नको असणं, यातलं काही आम्हाला ठाऊक नाही असं नाही. फ्लोरेन्समध्येही चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण जग दारात येण्याचीही किंमत असते. तिथं आता पर्यटकांच्या लोंढ्यानं जुन्या गावातली घरं भाड्यानं मिळेनाशी झाली, म्हणून 2023 साली तिथल्या महापालिकेनं नव्या पर्यटक-भाडेघरांवर बंदी घातली. नवरात्रात देवीच्या गर्दीत महाद्वार रोडवर राहून बघितलेल्यांना ते दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा जागतिक व्हायचंच असेल तर माझी यादी फार छोटी आहे, आणि तिच्यात विमानतळ शेवटी येतो. जयंती नाल्याचं पाणी शुद्ध होऊन नदीत पडावं. कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याला घरी आणणारी महापालिकेच्या केएमटीची बस असावी. रविवारच्या रात्री पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये दोन सीट रिकाम्या राहाव्यात. आणि सुभाषनगरातल्या कारागिरानं सांगितलेला भाव आपण एकदा तरी न घासता द्यावा. निदान त्यानं युरोत सांगायच्या आधी.