आम्ही पालवणकर बाळूंचे चाहते

क्रिकेटचे वेड आपल्या देशात कोणाला नाही? सामना चालू असला की आमच्या गल्लीतला न्हावी अर्धी दाढी सोडून रेडिओला कान लावायचा आणि तोंडाला फेस घेऊन बसलेले गिऱ्हाईकही तक्रार करायचे नाही. २५ जून १९८३ च्या रात्री कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या नायगावच्या चाळीत मजल्यावर एकच टी.व्ही. होता. त्या दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसे मावली होती, याचा हिशेब आजही लागत नाही. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकर शेवटचा सामना खेळून, वानखेडेच्या खेळपट्टीला हात लावून परतला, त्या दिवशी आमच्या सौ. पदराने डोळे पुसत होत्या. एरवी मालिका बंद करून क्रिकेट लावू देणाऱ्या त्या नव्हेत.

आणि ४ जुलै २०२४! टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला पाहण्यासाठी मरीन ड्राइव्हवर लाखो माणसे लोटली. आम्हीही गेलो होतो. वयाला न शोभणारी धक्काबुक्की केली आणि एका पायात चप्पल घेऊन घरी आलो.

हे सांगायचे कारण असे की, क्रिकेटकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मात्र ४ जुलै ही तारीख आम्हाला दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. १९५५ साली याच तारखेला मुंबईत पालवणकर बाळू वारले. ते ज्या हिंदू जिमखान्याकडून खेळले, तो त्याच मरीन ड्राइव्हवर उभा आहे. त्या संध्याकाळच्या एवढ्या गर्दीत बाळूंचे नाव आमच्या कानी कोणाच्या तोंडून पडले नाही.

सचिनला लोक क्रिकेटचा देव म्हणतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, देव मानीत नाही. पण चाहता होण्यास प्रतिज्ञांत कोठेही बंदी नाही! म्हणून आम्ही बाळूंचे चाहते झालो. त्यांचा एकही चेंडू आम्ही पाहिलेला नाही. मैदानावर माळीकाम करून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ चाळीत राहत, त्यांच्याकडून हे नाव प्रथम ऐकले. पुढे रामचंद्र गुहा यांचे २००२ सालचे इंग्रजी पुस्तक मुलाने आणून दिले. डिक्शनरी शेजारी घेऊन ते आम्ही वाचून काढले, दोन पावसाळे लागले.

बाळूंचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. गाव कोकणातले पालवण, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात या मुलाला महिना ३ रुपयांवर काम मिळाले. काम म्हणजे खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा. सचिनने ज्या खेळपट्टीला नमस्कार केला, त्या खेळपट्टीशी आमच्या माणसाची पहिली ओळख झाडूने झाली. मग ४ रुपयांवर गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात. तेथे जाळ्या बांधायच्या, पट्टे आखायचे आणि साहेबांना सराव हवा म्हणून चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. झाडणाऱ्याने गोलंदाजी करावी, फलंदाजी साहेबांची!

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, आणि घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. बाळूंच्या बोटांचा घाम लागलेला तो चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षकाने झेलला की बळी मिळे आणि टाळ्या पडत. चहाची वेळ झाली की इतर सर्वजण तंबूत कपबशीतून चहा घेत, आणि बाळू बाहेर, मातीच्या बोळक्यातून. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. आम्ही हे पान वाचले त्या दिवशी घरात चहा झाला, तो आमच्या घशाखाली उतरला नाही.

त्यांचा खेळ मात्र कोणाला थांबवता आला नाही. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईत हिंदू संघातले खेळाडू पुढे त्यांच्या पंक्तीला जेवूही लागले. कर्णधारपद मात्र त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, त्यांनी स्पर्धा जिंकून दिली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

आता अवघड गोष्ट. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा अस्पृश्य समाजाने सत्कार केला, त्या मानपत्राशी तरुण भीमरावांचा संबंध होता, असे गुहा लिहितात. पण १९३२ साली बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात, राजा-मुंजे कराराच्या बाजूला गेले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. सुमारे २,००० मतांनी ते पडले. त्या निवडणुकीत आमचे आजोबा बाबासाहेबांसाठी गिरणीची पाळी करून रात्री दारोदार फिरले होते.

आम्ही पुस्तकातला बाळूंचा फोटो मोठा करून फ्रेम केला आणि घरी आणला. वडील तेव्हा थकलेले होते, पण नजर शाबूत होती.

"कोण हा?"

"पालवणकर बाळू, दादा. मोठे गोलंदाज होते."

"माहीत आहे मला. बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेला. या भिंतीवर नको."

"दादा, बाबासाहेबांनाही एके काळी त्यांचा अभिमान होता."

"होता ना? मग बाबासाहेबांना किती लागलं असेल, त्याचा विचार कर."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. फोटो आम्ही कपाटाच्या दाराला आतून लावला.

बाबासाहेब बरोबर होते, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण चाहत्याचे मन स्वस्थ बसत नाही. बाळू तसे का वागले असतील? आम्हाला वाटते, त्यांनी मने बदलताना डोळ्यांनी पाहिली होती. ज्यांनी बोळक्यात चहा दिला त्यांच्याच जातभाईंनी पुढे ताट मांडले, सख्ख्या भावाला खांद्यावर घेतले. एवढे पाहिलेल्या माणसाला वाटणारच की, थांबले तर सारे होईल. परंतु ज्याच्या अंगी शंभर बळी घेण्याचे कसब नाही, त्या गावकुसाबाहेरच्या माणसाने ताटासाठी किती वर्षे थांबायचे? बाबासाहेब त्याच्यासाठी लढत होते. बाळू गेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती पाहून ते काय म्हणाले असते, हा विचार आमच्या डोक्यात अधूनमधून येतो.

दादा २००९ साली गेले. फोटो आहे तेथेच आहे. मागच्या सुट्टीत नातू कपाटात बॅट शोधत होता, त्याने विचारले, "आजोबा, हे कोण?" आम्ही नाव सांगितले. "किती विकेट?" तेही सांगितले. "मग आत का लावलाय?"

आम्ही त्याला शेजारी बसवले आणि पुण्याच्या क्लबातल्या झाडूपासून सांगायला सुरुवात केली.