पंपाला दोन मालक

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला की मागणी ठरलेली असते, ‘लिफ्टसाठी जनरेटर आहेच आपला, त्यावर पंप तेवढा जोडून द्या.’ पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात. दुपार झाली की वरच्या मजल्यांवरचे नळ नुसती हवा सोडायला लागतात, आणि मग या फोनला फारच घाई असते.

सिंहगड रोडवरच्या एका अकरा मजली इमारतीत असंच काम निघालं. खाली जमिनीतली टाकी, वर गच्चीवरची आणि मधे 10 एचपीचा थ्री फेज पंप. पंपरूमच्या भिंतीवर शेजारी-शेजारी दोन मेन स्विच होते. एकावर खडूनं ‘लाइट’, दुसऱ्यावर ‘जनरेटर’ आणि खाली सूचना, ‘दोन्ही एकदम टाकू नये’. आधीच्या कुणा वायरमननं सगळा भरवसा खडूवर टाकला होता. रात्रपाळीला नवा वॉचमन आला, पेंगत दुसराही खटका वर केला, की संपलं.

अध्यक्ष म्हणाले, ‘अहो, इतकी वर्षं काही झालं नाही की.’

‘काका, झालं असतं तर ते इथं नसतं झालं. बाहेर खांबावर झालं असतं.’

जनरेटरची वीज मेन लाइनमध्ये उलटी शिरली, तर रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर तिला अडवत नाही. तो 415 व्होल्टचे हजारो व्होल्ट करून पलीकडे पाठवतो. बऱ्याचदा आख्ख्या गल्लीचा भार अंगावर आल्यानं जनरेटर आधीच मान टाकतो, ही गोष्ट खरी. पण दुरुस्तीसाठी लाइनमननं गल्ली वेगळी काढून ठेवली असेल, तर तो भारही नसतो. लाइन बंद आहे या समजुतीनं तो हात घालतो, आणि ती आपल्या तळघरातून जिवंत झालेली असते.

म्हणून ते दोन्ही स्विच काढून टाकले. त्यांच्या जागी दोन कॉन्टॅक्टर बसवले, आणि दोघांमध्ये यांत्रिक अडसर. एक आत ओढला गेला की दुसऱ्याची वाट अडते, कॉइलला वीज मिळाली तरी तो हलू शकत नाही. वायरिंगमधला इंटरलॉक आहेच, पण वायर सुटते, लोखंड सुटत नाही. आणि चारही पोल तोडायचे, न्यूट्रलसकट. ‘न्यूट्रल कॉमन ठेवा, स्वस्त पडेल,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये.

पुढचा प्रश्न जनरेटरच्या ताकदीचा. त्यांचा जनरेटर 25 केव्हीएचा, म्हणजे एका फेजला जेमतेम 35 अँपिअर. हा पंप चालताना 14-15 घेतो. पण डायरेक्ट स्टार्टरवर उठताना सहापट मागतो, म्हणजे 80-90. त्याच क्षणी लिफ्ट निघाली, तर आत माणूस अडकलाच. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की उठतानाची ओढ एक तृतीयांशावर येते. शिवाय टायमर टाकून पंपाला लिफ्टच्या मागे रांगेत उभं केलं. पाणी मिनिटभर उशिरा चढलं तर कुणाचं बिघडत नाही.

चाचणीला जनरेटरवर पंप सुरू झाला, आवाज आला, पण प्रेशर गेजचा काटा अर्ध्यावरच थरथरत राहिला. मोटरच्या मागचा पंखा पाहिला, तर बाणाच्या उलट फिरत होता. जनरेटरकडून येणाऱ्या दोन फेजांची अदलाबदल झालेली. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी ढकलतो, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपते. दोन वायरी बदलल्या आणि फेज उलटले किंवा एखादा गेला तर पंप उठूच देणार नाही असा रिले बसवला.

खरी शहारून टाकणारी गोष्ट गच्चीवर होती. टाकीतल्या फ्लोटला थेट 230 व्होल्ट दिले होते, आणि केबलचा टेप गुंडाळलेला जोड पाण्याला टेकलेला. हेच पाणी घराघरात अंघोळीला जात होतं! तिथं 24 व्होल्टचा कंट्रोल केला. खालच्या टाकीतही एक फ्लोट टाकला, म्हणजे पाणी संपलं की पंप कोरडा फिरणार नाही. मोटरच्या अंगाला नियमानं दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. इथं एकच होतं, तेही पाण्याच्या पाइपाला बांधलेलं, आणि दुरुस्तीत तो पाइप मधेच प्लॅस्टिकचा झालेला.

ऑटोवर ठेवलेला पंप कधीही उठतो, समोर कुणाचा हात आहे हे त्याला दिसत नाही. त्यामुळे पंपाशेजारीच कुलूप घालता येईल असा आयसोलेटर लावला. दुरुस्तीला पंप उघडणाऱ्यानं किंवा साफसफाईला टाकीत उतरणाऱ्यानं तो बंद करून कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ऑफिसातल्या खिळ्यावर नाही.

आगीचा पंप मात्र या कशातही गुंतवला नाही. त्याची लाइन इमारतीच्या मेन स्विचच्या आधीच निघायला हवी, कारण आग लागली की पहिल्यांदा कुणीतरी मेनच बंद करतं.

येत्या गुरुवारी लाइट गेले की तुम्हीही एकदा पंपरूममध्ये उतरा. कशाला हात लावू नका. फक्त तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, ‘दोन्ही एकदम चालू होऊ शकतात का? होत नाहीत, हे समोर दाखवा.’ लाइनवर काही न सोडता हे दाखवता येतं. तो टाळाटाळ करायला लागला, तर परवानाधारक दुसरा माणूस बघा.