आतड्याची माळ

मे महिना लागला की गोव्यात पुरुमेंताची गडबड सुरू होते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, सोलं, मिरच्या, मीठ आणि ख्रिस्ती घरांत चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा. मी तेव्हा म्हापशाला नर्सची नोकरी करत होते आणि बार्देशातल्याच एका गावात भाड्याने राहत होते. घरमालकीण आंटी सत्तरीच्या होत्या. त्यांचा हात सांध्यांच्या दुखण्याने आखडला होता, म्हणून त्या वर्षी चोरिसांच्या कामाला त्यांनी मला बसवलं.

मांस दोन दिवस आधीच मीठ लावून दगडाखाली दाबलेलं, मग माडाच्या शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात मुरत घातलेलं होतं. चोरिसांची गोष्ट निघाली की लोक त्या मसाल्याबद्दलच बोलतात. आतड्याबद्दल कुणी बोलत नाही. खरे कष्ट तिथे आहेत, हे मला त्या सकाळी कळलं.

आतडं उजाडतानाच आलं. ते दुपारपर्यंत ठेवून चालत नाही, आतल्याच जंतूंनी पडदा कुजायला लागतो. डुकराचं लहान आतडं साधारण अठरा मीटर भरतं. पातेल्यात नुसता ढीग दिसतो, पण टोक धरून ओढायला लागलं की संपता संपत नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरून ते आधी पिळून रिकामं केलं, तीन-चार पाण्यांतून काढलं. मग उलटं करायचं होतं. इतकी लांब, नाजूक नळी आतून बाहेर कशी वळवायची, हा मला प्रश्नच होता. आंटींनी टोकाशी बोटभर दुमड घातली, त्या दुमडीत तांब्याने पाणी सोडलं आणि पाण्याच्या वजनानेच आतडं सरसर आत ओढलं जाऊन स्वतःहून उलटत गेलं. मी तो तांब्या हातातून घेतला आणि पुढचं सगळं आतडं मीच उलटवलं.

त्यानंतर खरवडणं. पाट उताणा ठेवून त्यावर आतडं पसरायचं आणि सुरीची पाठ, धार नव्हे, एकाच दिशेने ओढत न्यायची. आतली श्लेष्मल त्वचा राखट गिळगिळीत लगद्यासारखी निघून येते. मग पुन्हा सुलटं करून बाहेरचा स्नायूंचा थर काढायचा. मीठ, लिंबू, पाणी, पुन्हा मीठ. शेवटी हातात उरतो एकच थर, ओल्या बटर पेपरसारखा, पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ. दोन्ही हातांनी ताणून पाहिला तर तुटत नाही.

तो थर मी ओळखत होते. पुस्तकात त्याला सबम्युकोजा म्हणतात. त्यात कोलॅजनचे तंतू तिरपे, एकमेकांवर आडवेतिडवे विणलेले असतात, म्हणून तो फुगतो, आकसतो आणि तरी टिकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये कॅटगटचा टाका हातात देताना मी वर्षानुवर्षं हेच देत होते, कारण कॅटगट मेंढीच्या आतड्याच्या याच थरापासून करतात. आणि पाटाखाली साचलेला तो लगदा? रक्त गोठू नये म्हणून आम्ही देतो ते हेपरिन डुकराच्या आतड्याच्या त्याच श्लेष्मल त्वचेतून काढतात. ही गोष्ट मला आधी माहीत होती, पण नुसती माहीत होती. त्या दिवशी कोपरापर्यंत हात भरले तेव्हा ती पटली. माझ्या वडिलांना शेवटच्या आजारात हेपरिन चालू होतं.

"सवकास, बाय," आंटी म्हणत होत्या, आणि नेमकं तेव्हाच सुरीचं टोक लागलं. आत पाणी भरून पाहिलं तर केसाएवढी धार उडाली. आंटींनी काही न बोलता तिथेच आतडं कापलं. भोकाचं ठिकाण म्हणजे माळेचं टोक, मग वाया काहीच जात नाही.

नरसाळ्याच्या नळीवर आतडं चढवून अंगठ्याने मांस आत सारायचं, दर दीड-दोन इंचांवर दोऱ्याने गाठ मारायची. गच्च भरलं की गाठ मारताना फुटतं, म्हणून थोडं सैल ठेवायचं. हवेचा बुडबुडा राहिला तर सुईने टोचायचं, नाहीतर तिथेच मांस नासतं.

मग माळा दांडीवर. माझी समजूत होती की ऊन जितकं कडक तितकं चांगलं. पण भर दुपारी आंटी माळा सावलीत आणायच्या. आतड्याची साल झटकन वाळून कडक झाली तर आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि मांस आतून आंबतं. साल श्वास घेत राहायला हवी. दिवसागणिक ती मांसाबरोबर आकसली, तिच्यावर तेलाचे तांबूस थेंब फुटले आणि मग माळा चुलीवरच्या धुरात गेल्या.

पाकिटबंद सॉसेजवर बहुधा कारखान्यातली साल असते. गुरांच्या कातडीचा आतला थर आम्लात फुगवून, लगदा करून, गोल फटीतून नळीसारखा काढतात. ती कोलॅजनची साल सगळीकडे सारख्याच जाडीची असते. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यापासून केलेली सेल्युलोजची सालही असते, ती खाण्याआधी सोलून टाकतात. त्या सालींमुळे लाखो माणसांना स्वस्त खाणं मिळतं आणि त्यांना कमी लेखावं असं मला वाटत नाही. पण त्यात पाण्याने स्वतःहून उलटणारं आतडं नाही.

जुलैत नुसता पाऊस लागला होता. आंटींनी दिलेली माळ मी काढली, बटाटा-कांद्यात चोरिस घालायचे होते. दोरा कापायला गेले तर काही मण्यांवर आंटींच्या साध्या गाठी होत्या, आणि मधल्या सात मण्यांवर थिएटरमध्ये मारतात तशी दोन वेढ्यांची गाठ. ते सात मी बाजूला काढले आणि वाटीत घालून खाली आंटींकडे नेले.