एक दिवस, पण सोलापूरचाच

चि. रेणू हिस,


तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन येतेयस हे वाचून फार बरं वाटलं. पण सोबतचं वेळापत्रक पाहिलं आणि लगेच लिहायला बसले. सकाळी तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, जमलं तर पंढरपूर आणि जाताजाता स्टेशनजवळ चादरी. अगं, यात सोलापूर कुठे आहे? माणसं इथे उतरतात, लॉजवर आंघोळी उरकतात, गाडी ठरवतात आणि देवाला निघून जातात. देवांना माझा मनापासून नमस्कार आहे. भवानीच्या दर्शनाला पुन्हा ये, मीही येईन बरोबर. हा एक दिवस मात्र अख्खा या गावाला दे. हे शहर माणसांच्या कष्टावर उभं राहिलंय आणि ते कष्ट अजून चालू आहेत. ते बघायचे तर घाईने भागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे रविवारी येऊ नकोस. रजा टाक, पण कामाच्या दिवशी ये. महाल आणि लेणी सुट्टीच्या दिवशी बघावीत. कामगारांचं गाव माग चालू असताना बघायचं असतं. मार्चनंतरही नको, इथलं ऊन तुम्हा मुंबईकरांना सोसायचं नाही. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा सात नंदीध्वजांची मिरवणूक सोडून दुसरं काही बघायची इच्छाच होत नाही. म्हणून संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत ये. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालीस की सकाळी सोलापूर, आणि त्याच गाडीने रात्री परत. मुक्कामाचा प्रश्नच नाही. आंघोळ-चहा माझ्याकडे होईल.

दिवसभर आपण साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ. स्टेशनपासून सुरुवात करू, कारण गिरणगाव म्हणून सोलापूरची सुरुवातही तिथलीच. १८६० मध्ये रेल्वे इथवर आली आणि १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या तशी लोक हिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. सुरुवातीची ती वर्षं आठवून बघ. १८७६ ते ७८ म्हणजे दख्खनचा भयंकर दुष्काळ, आणि त्यात आमचा जिल्हा होरपळून निघालेला. रानं ओस पडलेली, जनावरं गेलेली, आणि नेमक्या त्याच वेळी शहरात मजुरी देणारं एक दार उघडलं. गिरणीने गाव घडवलं असं म्हणतात ते खरंच आहे, पण त्या दारापर्यंत माणसं भुकेने आणली, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवं.

जुन्या मिलच्या आवारात गेल्यावर यंत्रं शोधू नकोस. नव्या इमारतींनी बरीच जागा व्यापली आहे. फक्त एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत ये, म्हणजे एका भोंग्यावर किती माणसं आत जात असतील याचा अंदाज पायांना येईल. तुझे आजोबाही गिरणीतच होते, दुसऱ्या एका. पाळी सुटून घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची आणि तुझी आई ती पदराने पुसायची. मागांच्या गोंगाटाची सवय असल्यामुळे ते घरातही मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याचे ओठ बघत ऐकायचे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. ‘चिमणी’ म्हटलं की आजच्या पोरांना साखर कारखान्याची चिमणी आठवते, विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडलेली. सूतगिरण्यांच्या चिमण्या आठवणारी पिढी आता माझ्या वयाची आहे, म्हणून मी तुला हट्टाने तिथे नेणार.

वाटेत भैया चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये, बत्तिशीत, तिथेच वारला. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा चित्रपट तू पाहिलाच आहेस. अर्धा तास पुरे, ते कधी उघडं असतं ते मी विचारून ठेवते.

मग रिक्षाने सेटलमेंटकडे जाऊ. हे ठिकाण कुणीही दाखवणार नाही, म्हणून मी दाखवणार. इंग्रजांनी काही जमातींना कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी माणसांना बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात कोंडलं. सोलापूरची वसाहत त्यातली मोठी. आतल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, बाहेर पडायला परवाना लागे, आणि गिरण्यांना हक्काचे मजूर मिळत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायद्याचा शिक्का पुसला गेला. आज तिथे साध्या माणसांची साधी वस्ती आहे आणि तिचं नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आहे. फोटो काढू नका. कुणाच्या दारात टक लावून उभं राहायचं नाही. रस्त्याने शांतपणे जाऊन येऊ. गिरण्यांच्या वैभवाबद्दल ऐकताना ही माणसं मोजली जात नाहीत, म्हणून तुम्ही ती वाट पायाखाली घालावी असं मला वाटतं.

तिथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी येऊ. इथे मला वेळ लागेल, हे आधीच सांगते. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाकडे लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, कारण शिंदीतून ताडी आणि ताडीतून सरकारचा महसूल. तिथे गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण गेला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौक्या जाळल्या, त्यात पोलीसही मारले गेले. अंमलदार शहर सोडून गेले आणि काही दिवस सोलापूरचा कारभार सोलापूरच्या माणसांनीच चालवला. १२ मेला मार्शल लॉ आला. खटले झाले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं मोठ्याने एकापाठोपाठ वाच. इथल्या पेठांमधली सगळ्या भाषा आणि सगळे देव त्या चार नावांत आले. कुर्बान हुसेन तर विशीतला, गिरणी कामगारांत वावरणारा, स्वतःचं पत्र चालवणारा मुलगा. मी शाळेत शिकवायचे तेव्हा दर १२ जानेवारीला मुलांना इथे आणायचे. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं एका रांगेत उभी राहायची, आणि त्या दिवशी इतिहासाचा धडा वेगळा घ्यावा लागायचा नाही.

जवळच महापालिकेचं इंद्रभुवन आहे. वारद घराण्याने हौसेने बांधलेला वाडा, आता डागडुजी होऊन छान दिसतो. त्याचं कोरीवकाम बघा, पण त्या आधी जुनी मिल आणि सेटलमेंट बघून झालेलं असेल, हे मी मुद्दाम साधलंय. कापसाचा पैसा कुठून आला ते पाहून मग तो कुठे गेला ते पाहावं.

किल्ल्यात फार थांबायचं नाही. बहामनी काळातला भुईकोट, दुहेरी तटबंदी, १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोने जिंकला, एवढं पुरे. तटावरून तलाव सुंदर दिसतो, तिथे दहा मिनिटं बसू. आणि मग सिद्धेश्वर. तुझ्या यादीतलं एवढं एकच देऊळ मी ठेवलंय. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांच्या काळातले शरण. कोरड्या मुलखात त्यांनी माणसं गोळा करून हा तलाव खोदवला असं परंपरा सांगते. कष्ट हीच पूजा मानणारी ही माणसं. ज्या गावाचं दैवत हातात कुदळ घेतलेल्यांच्या मेळ्यातून आलं, त्या गावात पुढे गिरण्या आल्या, याचा मला कायम अर्थ लागत आलाय.

जेवण घरीच. ज्वारीची कडक भाकरी, उखळात कांडलेली शेंगाचटणी, वरून तेल, दही आणि शेंगाभाजी. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. तुझ्या मैत्रिणींसाठी बांधून देईन. बाजारातली चटणी घेणार असाल तर कांडलेलीच मागा, मिक्सरमधली भुकटी घेऊ नका.

दुपारनंतरचा सगळा वेळ पूर्व भागाचा. त्यासाठीच बाकीचं भरभर उरकायचंय. अशोक चौक, साखर पेठ, भवानी पेठ, तिथून अक्कलकोट रोडचे कारखाने. तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर इथे आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही लिप्या दिसतील. मार्कंडेयाचं देऊळ त्यांचं, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो आणि गल्लोगल्ली माग थांबतात. एरवी ते थांबत नाहीत. गल्लीत शिरलात की आधी खडखडाट ऐकू येईल, मग माग दिसेल.

माझा एक जुना विद्यार्थी यंत्रमाग चालवतो. त्याच्याकडे नेईन. तो तुम्हाला क्रमाने दाखवेल. रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, बीमवर गुंडाळलेला ताणा, बायका कांड्या भरतायत, आणि वर जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतायत. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, त्यावर कोणता धागा उचलला जाणार हे ठरतं आणि खाली मोर उमटतो. संगणकावर काम करणाऱ्या तुम्हा पोरींना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. चादरीची नक्षी छापलेली नसते, विणतानाच ती आत येते. म्हणूनच अस्सल चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून दिसते. हे लक्षात ठेव, कारण सोलापुरी म्हणून बाहेरचा पुष्कळ माल विकला जातो. भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाने गिऱ्हाइकाचे डोळे उघडत नाहीत. अलीकडे इथे चादरीपेक्षा टॉवेलचे माग जास्त दिसतील, परदेशी जाणाऱ्या टेरी टॉवेलचे. मागावरच्या माणसाला मजुरी विचारायची असेल तर अवश्य विचार, पण मालकाच्या समोर नको.

आणि खरेदी इथेच कर, बाजारात नको. घासाघीस अजिबात नको. तुमच्या एका जेवणाच्या बिलात चादर येते, आणि ती तुझ्या मुलांनाही पुरेल.

संध्याकाळी वेळ उरला तर अक्कलकोट रोडनेच पुढे कुंभारीला, विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत जाऊ. पूर्व भागात पुरुष मागावर आणि बाई विडीवर, असं कित्येक पिढ्या चाललंय. तेंदूच्या पानाला कात्रीने आकार द्यायचा, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, रोजच्या हजारभर विड्या कारखान्यात मोजून द्यायच्या. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. या कामात बोटं, छाती, पाठ सगळंच खर्ची पडतं. या बायका संघटित झाल्या, वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ मध्ये कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली. गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलंय. आता शेजारी रे नगर उभं राहतंय, तीस हजार घरांचं, त्यातली पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. दारात सूप घेऊन बसलेली बाई आणि तिच्या मागे तिच्या स्वतःच्या नावाचं घर, हे ताजमहालाइतकंच बघण्याजोगं आहे असं मी मानते. माझ्या वर्गात किती मुली विडी वळता वळता पाढे पाठ करायच्या. त्यातल्या एकीच्या घरी आपल्याला चहा आहे, तिला सांगून ठेवलंय.

एवढ्यात रात्र होईल. गाडी गाठायच्या आधी दोन घास खाऊ आणि तुम्हाला स्टेशनवर सोडेन.

आता कामाचं. तारीख नक्की कर आणि आठवडाभर आधी कळव, म्हणजे मागांना सुट्टी कोणत्या वारी आहे ते विचारते. पायात चांगल्या चपला हव्यात, साडी नेसू नका, मागाजवळ ओढणी घट्ट खोचा आणि केस बांधा. मैत्रिणींपैकी कुणाला दम्याचा त्रास असेल तर आधी सांग, सुताची धूळ त्यांना बाधेल, तोंडाला बांधायला रुमाल ठेवीन. कापडी पिशव्या रिकाम्या आणा. आणि तुझ्या आईला विचार, आजोबांचं गिरणीतलं हजेरीचं कार्ड तिच्याकडे आहे का. असेल तर घेऊन ये. माझ्या विद्यार्थ्याला ते बघायचंय.

तुझी,
मावशी