पॅडल मऊ लागते

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत चालविणाऱ्या अण्णांच्या पेढीवर एक जुनी टाटा ४०७ आहे. हंगामात तिला उसंत नसते. सौदे आटोपले की रवे भरायचे आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, हा तिचा वीस वर्षांचा शिरस्ता.

एके सकाळी चालक म्हणाला, ‘‘अण्णा, पॅडल मऊ लागतंय. दोनदा दाबल्याशिवाय गाडी धरत नाही.’’

‘‘तेल घाल आणि एवढी फेरी मारून ये. मग बघू.’’

अशा तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी चालकाने ब्रेक ऑइलची बाटली आणली आणि दर वेळी अण्णांनी तो खर्च किर्दीला लिहिला. चौथ्या बाटलीपाशी मात्र त्यांची लेखणी थांबली. ब्रेकचे तेल इंजिनच्या तेलासारखे जळून कमी होत नसते. लायनर झिजले की पातळी थोडी उतरते, एवढेच. चार बाटल्या गेल्या त्या कोठे? जमाखर्चात चार पैशांचा फरक आला तर रात्र जागविणाऱ्या माणसाने हा फरक तीन वेळा नजरेआड केला होता. भरलेली गाडी त्यांनी तशीच उतरवून घेतली.

मेस्त्रींनी प्रथम अण्णांनाच चालकाच्या जागी बसविले. ‘‘पाय दाबून धरा. उचलू नका.’’ पॅडल क्षणभर थांबले आणि मग सावकाश खाली जाऊ लागले. घाटातल्या वळणावर हा अनुभव कसा असेल, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

मागचा डावा ड्रम उतरविला तेव्हा आतले लायनर तेलाने चिंब झालेले दिसले. व्हील सिलिंडरचे रबर फाटले होते. मास्टर सिलिंडरची रबरेही झिजली होती, त्यामुळे दाब आतल्या आत निसटत होता. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत शिरलेली हवा पायाचा जोर आपणच गिळून टाकते. शिवाय हे तेल हवेतील ओल शोषून घेते. नवे डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ड्रम तापले की त्याची वाफ होते आणि पॅडल तळाला जाते.

दोन्ही सिलिंडरांची रबरे बदलली. तेल प्यायलेले लायनर धुऊन पुन्हा बसविण्याची सूचना अण्णांच्या मुलाने केली; मेस्त्रींनी ती ऐकूनही घेतली नाही. मागच्या दोन्ही चाकांना नवे लायनर बसले.

मग हवा काढण्याचे काम. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक तेलाच्या बाटलीत बुडविलेले. ‘‘दाबा... धरा!’’ निपल सैल करताच बुडबुडे येत. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा उलटी आत ओढली जाते. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. ते काम मुलाकडे होते. बुडबुडे थांबायला बराच वेळ लागला.

अखेर पॅडल वरच अडले आणि तसेच राहिले.

माल दोन दिवस उशिरा निघाला. रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने फोनवर चार शब्द सुनावले, ते अण्णांनी ऐकून घेतले. त्या फेरीला ते स्वतः चालकाशेजारी बसले. घाटमाथ्यावर चालकाने खालचा गिअर टाकला, एकदा ब्रेक दाबून पाहिला आणि साखरप्यापर्यंत दोघेही फारसे बोलले नाहीत.