जमिनीची टिकटिक

आपली गाय रोज किती दूध देते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच एखाद्या दिवशी दूध घटले की चटकन कळते. किरणोत्साराचेही तसेच आहे.

किरणोत्सार म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. पण थोडा किरणोत्सार आपल्या बांधावरही सदैव असतो. माती-दगडांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे अंश असतात, त्यांतून काही किरण येतात. काही आकाशातून येतात.

माझा पुतण्या शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या दिवाळीत त्याने हे किरण मोजण्याचे छोटे यंत्र आणले. काळ्या रानात ते टिकटिक करू लागताच वहिनी घाबरून म्हणाल्या, "अरे, आपल्या ज्वारीला काही होणार नाही ना?"

तो हसला. "आई, ही टिकटिक आजोबांच्या काळीही होती. ऐकायला यंत्र नव्हते, इतकेच."

पावसाच्या एका सरीवरून हंगाम ठरत नाही, तसे एका टिकटिकीवरून काही ठरत नाही. त्याने जमिनीपासून एक मीटर उंचीवर यंत्र धरून दहा मिनिटे मोजले आणि आकडा वहीत टिपला. मग विहीर, देऊळ, शाळा. तालुक्याला ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर आकडा वाढला. आपल्या काळ्या दगडापेक्षा ग्रॅनाइटमध्ये हे अंश अधिक असतात. सारे आकडे त्याने नकाशावर मांडले.

केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त वाळूमुळे किरणोत्सार पुष्कळ जास्त आहे. तेथील सुमारे 70 हजार लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. त्यामुळे कर्करोग वाढल्याचे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले नाही.

मग मोजायचे कशाला? 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकार गप्प राहिले. 28 तारखेला दूर स्वीडनमध्ये, फोर्समार्क अणुवीज केंद्रात, एका कामगाराच्या बुटांवर यंत्राने इशारा दिला आणि जग जागे झाले. नेहमीचा आकडा ठाऊक होता, म्हणूनच वेगळा आकडा ओळखू आला.

तेव्हा उद्या कोणी तुमच्या शिवारात असे यंत्र वाजवून "जमीन बाधली आहे, मिळेल त्या भावाने विका" म्हणाला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. आकडा किती? आणि इथला नेहमीचा आकडा किती? नीट उत्तर मिळेपर्यंत सातबारा पेटीतून बाहेर काढू नका.